गावात राहून व्हिडिओ एडिटर होता येते काय?

पऱ्हाटीवाला · १८ सप्टेंबर
नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातला आहे, दिग्रसपासून चौदा-पंधरा किलोमीटरवर गाव. वय २२. बीए झाल्यापासून तालुक्याच्या एका फोटो स्टुडिओत मिक्सिंग करतो. लग्न, साक्षगंध, नामकरण, सगळं ईडियस नावाच्या एडिटिंग सॉफ्टवेअरवर. काम म्हणजे विकत आणलेल्या तयार प्रोजेक्टात नवरा-नवरीचे फोटो बसवायचे, गाणं टाकायचं, मंगलाष्टकं पूर्ण ठेवायची अन् पंगतीत कोणाचा मामा सुटला नाही ना ते पाहायचं. एका लग्नाचे मला १५०० भेटतात.

मागच्या वर्षी गावातल्या एका आजोबांच्या तेरवीसाठी त्यांच्या नातवाच्या मोबाईलमधले जुने व्हिडिओ जोडून ८ मिनिटांचं करून दिलं. उडणारी फुलं नाही, बदाम नाही. आजोबा बैलाशी बोलून राहिले, नातवाला रागावून राहिले, बस एवढंच. पूर्ण मांडव चूप झाला. तेव्हापासून मनात बसलं की हेच काम करायचं. माहितीपट, सिनेमा, जे भेटेल ते, पण पोस्ट प्रॉडक्शनचं, म्हणजे शूटिंगनंतरचं, खरं काम.

आता अडचण सांगतो. नागपूरच्या एका खासगी क्लासची सहा महिन्यांची फी १ लाख २० हजार आहे. चुलतभाऊ म्हणते मुंबईले चाल. घरी चार एकर कोरडवाहू, वावर पाहणारे बाबा एकटेच. कर्ज काढून चांगला लॅपटॉप घेऊ की क्लास लावू की निघून जाऊ? अन् गावात राहून हे होतच नाही काय?

ठेचाभाकर · १८ सप्टेंबर
पहिले मशीन सांग भाऊ. रॅम किती? एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, आहे का?

पऱ्हाटीवाला · १८ सप्टेंबर
घरी जुना आय-थ्री कॉम्प्युटर, ८ जीबी, साधी हार्ड डिस्क. फोर-के क्लिप टाकली की टाइमलाइन जागची हलत नाही.

ठेचाभाकर · १८ सप्टेंबर
मग लॅपटॉपच्या आधी प्रॉक्सी शिक. मोबाईल नि कॅमेऱ्याच्या फाइलीत प्रत्येक फ्रेम, म्हणजे प्रत्येक चित्र, पूर्ण नसते. अधूनमधून एक पूर्ण फ्रेम, अन् मधल्या फ्रेममध्ये फक्त काय बदललं तेवढंच. फाइल लहान होते पण एडिट करताना बिचाऱ्या मशीनला दरवेळी मागचा-पुढचा हिशोब करून चित्र उभं करावं लागते. म्हणून अडकते. त्याच क्लिपांच्या हलक्या कॉपी, म्हणजेच प्रॉक्सी, बनव, त्यांच्यावर एडिट कर, शेवटी एक्सपोर्टच्या वेळी मूळ फाइली जोड. जुन्या डब्यात ५-६ हजारांची एसएसडी टाक, रॅम १६ कर. अर्धा त्रास तिथंच जाते. मुंबईतले मोठे सिनेमेसुद्धा प्रॉक्सीवरच कापले जातात, त्यात काही कमीपणा नाही.

कातरकाम · १९ सप्टेंबर
मी मूर्तिजापूरचा, मुंबईत १३ वर्षं झाली. त्यातली पहिली चार असिस्टंट एडिटर म्हणून. लांब लिहितो, कारण मला तेव्हा हे कोणी सांगितलं नव्हतं.

पहिली दोन वर्षं मी एकही कट स्वतःच्या मनानं मारला नाही. सेटवरून कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड यायचं. त्याच्या कॉपी दोन वेगळ्या डिस्कवर उतरवायच्या, चेकसम, म्हणजे कॉपी तंतोतंत आहे हे सांगणारा आकडा, जुळला की मगच कार्ड रिकामं करायला हो म्हणायचं. मग प्रॉक्सी. आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर असतो, तो क्लॅपच्या ठोक्यावर चित्राशी जुळवायचा. सीन, शॉट, टेकप्रमाणे बिन, म्हणजे क्लिपांचे कप्पे, लावायचे, दिग्दर्शकाला कोणता टेक पसंत होता ती खूण शीटवरून चढवायची. पिक्चर लॉक झालं, म्हणजे कट पक्के झाले, की साउंडला एएएफ, डीआयला म्हणजे रंगकामवाल्यांना एक्सएमएल किंवा ईडीएल (या सगळ्या कटांची माहिती नेणाऱ्या फाइली), व्हीएफएक्सला म्हणजे कॉम्प्युटरवर दृश्य बनवणाऱ्यांना शॉटांची यादी. सिनेमाच्या प्रत्येक रिळाचं, म्हणजे भागाचं, चित्र सुरू व्हायच्या बरोबर २ सेकंद आधी एका फ्रेमचा बीप ठेवायचा, २४ फ्रेमच्या हिशोबानं ४८ फ्रेम आधी. तो हलला की तिकडे साउंडवाल्याला आपली रीळ जुळली की नाही तेच कळत नाही.

हे सगळं करताना मी एडिटर सरांच्या मागे खुर्ची टाकून बसायचो. शिक्षण तिथं झालं. एका माहितीपटात आपल्या भागातल्या शेतकऱ्याची मुलाखत होती. माझ्यासोबतच्या मुंबईच्या मुलानं रफ कट, म्हणजे पहिली कच्ची जोडणी, लावला. शेतकरी म्हणतो, "औंदा डवरनं झालं, निंदन झालं, पानीच नाही आलं." मग थांबतो. बराच वेळ बांधाकडे पाहतो. मग म्हणतो, "पाहू." त्या मुलानं तो थांबाही काढला आणि "पाहू"ही काढलं, त्याला ते रिकामं वाटलं. मी धीर करून म्हटलं, सर, "पाहू" हेच तर उत्तर आहे, आमच्याकडे माणूस एवढंच बोलते. सरांनी क्लिप पुन्हा लावली, ७ सेकंदांचा तो थांबा जसाच्या तसा ठेवला. पुढच्या आठवड्यात मला पहिला सीन कापायला मिळाला.

तुझी तेरवीची फिल्म वाचून मला तेच आठवलं. तुझ्याजवळ कान आहे. पण शिस्त एकट्यानं गावात येत नाही रे. दोन-तीन वर्षं कोणाच्या तरी हाताखाली काढ, मग खुशाल परत जा.

झाडीतला · १९ सप्टेंबर
कातरकामदादा, तुमचा मान ठेवून बोलतो. दोन-तीन वर्षं मुंबईत राहायचं म्हणजे भाड्याची खोली, डिपॉझिट, अन् असिस्टंटचे पैसे कधी येतील त्याचा भरोसा नाही. चार एकरवाल्याच्या घरून ते होत नाही. "खुशाल परत जा" म्हणणं सोपं आहे.

मी वडसा-देसाईगंजचा. आमच्याकडे धान कापून झाले, मंडई म्हणजे गावची जत्रा सुरू झाली की झाडीपट्टीची, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भाची, नाटकं लागतात ते थेट होळीच्या आसपासपर्यंत. रात्री पडदा उघडला की पहाट होते. मी ही नाटकं तीन कॅमेऱ्यांनी शूट करतो अन् एडिट करतो. टाइमकोड वगैरे काही नाही, सुरुवातीच्या घंटेच्या ठोक्यावर तिन्ही कॅमेरे जुळवतो. विनोदी पात्राच्या वाक्यावर हजार लोकं हसतात. ते हसू संपायच्या आधी क्लोजअपवर गेलो तर पुढचं वाक्य बुडते, उशीर केला तर रंग उतरते. हे मला कोण्या सरांनी नाही शिकवलं, पब्लिकनं शिकवलं. पाच-सहा तासांचं नाटक, तीन कॅमेरे, म्हणजे एका रात्रीचं पंधरा ते अठरा तासांचं फुटेज. एका सीझनमध्ये असे वीस होतात. यापेक्षा मोठी शाळा मला तरी माहीत नाही.

कातरकाम · १९ सप्टेंबर
खोलीच्या भाड्याचं तू म्हणतो ते खरं आहे, मी ते फार पटकन लिहून गेलो. पहिलं वर्ष आम्ही चौघं एका खोलीत होतो अन् घरून गहू-डाळ यायची, तेव्हा कुठं निभलं. हसण्यावरच्या कटचं जे लिहिलं ते तर मी माझ्या असिस्टंटला वाचून दाखवलं.

एक विचारतो. सीझन संपल्यावर सहा महिने काय करतो?

झाडीतला · २० सप्टेंबर
तीच दुखती नस आहे दादा. पावसाळ्यात धानाची रोवणी. अन् शाळा-कॉलेजचे कार्यक्रम आले तर आले.

मेहकरची_लेक · २० सप्टेंबर
मग माझं ऐका दोघंही. मी मेहकर तालुक्यातून घरी बसून एडिट करते, सहा वर्षं झाली. शेतीविषयक यूट्यूब चॅनल चालवणारे तिघं, पुण्याचा एक स्पर्धा परीक्षेचा क्लास, एक सामाजिक संस्था. महिन्याचे पैसे ठरलेले आहेत, पावसाळा असो की उन्हाळा. मुलगी शाळेत गेली की बसते, सासूबाईंनी मागची खोली त्यासाठीच रिकामी करून दिली. सुरुवातीला त्यांना "मिक्सिंग" म्हटलं की मिरची-मसाल्याचं वाटायचं, आता पाहुण्यांना त्याच समजावून सांगतात.

पऱ्हाटीवाला, गावातून काम करायचं तर तीन गोष्टींचं गणित आधी मांड. पहिलं इंटरनेट. १०० जीबी फुटेज १० एमबीपीएस अपलोडनं पाठवायला २२ तास लागतात, तेही लाइन एकदाही तुटली नाही तर. म्हणून मी समोरच्यांना सांगते की मला प्रॉक्सी पाठवा, मी कापून प्रोजेक्ट फाइल परत देते, मूळ फुटेज तुमच्याकडेच जोडा. प्रोजेक्ट फाइल काही एमबीची असते, तिच्यात फक्त कटांची नोंद. जिथं मूळ फुटेज लागतंच तिथं हार्ड डिस्क ट्रॅव्हल्सनं मागवते. दुसरं वीज. यूपीएस नसेल तर काम घेऊ नको, दोन मिनिटांचा ऑटोसेव्ह लाव. तिसरं बोलणं. किती वेळा बदल करून देणार ते आधी लिहून घे. मी दोनदा बदल करून देते, तिसऱ्यापासून वेगळे पैसे. अर्धी रक्कम आधी. एका ओळखीच्यानं माझे ११ व्हिडिओ नेले आणि फोन उचलणं बंद केलं, तेव्हापासून ओळख असली तरी अर्धे आधीच.

संत्राबर्फी · २० सप्टेंबर
ताई, उन्हाळ्याचं कसं करता? आमच्या वरुडला मे महिन्यात लॅपटॉपवर हात ठेववत नाही.

मेहकरची_लेक · २० सप्टेंबर
कूलरची हवा थेट मशीनवर घ्यायची नाही. ओल अन् धूळ मिळून पंख्यावर चिखलासारखा थर बसतो, मागच्या वर्षी खोलून पाहिलं तर जाळीच दिसत नव्हती. महिन्यातून एकदा ब्लोअर मारते. दुपारी १२ ते ५ रेंडर, म्हणजे तयार व्हिडिओची फाइल बनवणं, लावतच नाही, पहाटे चारला लावते.

ठेचाभाकर · २० सप्टेंबर
लॅपटॉपखाली दोन विटा, मधून हवा. पाच वर्षांपासून चालू आहे.

संत्राबर्फी · २० सप्टेंबर
आम्ही संत्र्याचा क्रेट उलटा ठेवतो. जाळीदार असल्यानं विटांपेक्षा भारी 😊

आवाजघर · २१ सप्टेंबर
विटा-क्रेटमधून जरा बाहेर या मंडळी, महत्त्वाचं राहून जाईल. पऱ्हाटीवाला, मोबाईलच्या व्हिडिओंवर काम केलं म्हणतोस. शेवटी शेवटी ओठ आणि आवाज यांची फारकत होत होती का?

पऱ्हाटीवाला · २१ सप्टेंबर
हो! मोठ्या क्लिपमध्ये तर फारच. मी आवाज तुकडे करून करून सरकवला, तीन रात्री गेल्या. तुम्हाला कसं समजलं?

आवाजघर · २१ सप्टेंबर
मोबाईल सेकंदाला ३० फ्रेम म्हणतो पण तेवढ्याच देतो असं नाही. उजेड कमी झाला किंवा फोन तापला की फ्रेमांचा वेग बदलतो. आवाज मात्र एकाच चालीनं चालतो. एडिटिंग सॉफ्टवेअर धरून चालतं की वेग सगळीकडे सारखा आहे, म्हणून दोघांत हळूहळू अंतर पडतं. उपाय सोपा आहे. हँडब्रेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर घे, क्लिप टाइमलाइनवर आणायच्या आधी स्थिर फ्रेम रेट निवडून बदलून घे. अन् वेगळा आवाज रेकॉर्ड करत असशील तर ४८ किलोहर्ट्‌झच ठेव, व्हिडिओचं माप तेच आहे.

आणि एक विनंती. कानात नेहमी हेडफोन घालून एडिट कर. लॅपटॉपच्या स्पीकरवर पंपाची घरघर ऐकू येत नाही आणि मग ती मोठ्या हॉलमध्ये ऐकू येते.

पऱ्हाटीवाला · २२ सप्टेंबर
आवाजघर सर, तुमच्या पायाला हात लावतो. जुनी क्लिप बदलून पाहिली, शेवटपर्यंत ओठ बरोबर. तीन रात्रीचं काम वीस मिनिटांत.

हात_पोळलेला · २२ सप्टेंबर
क्लासबद्दल. मी अशाच एका क्लासला ९० हजार भरले. सहा महिने कोणतं बटन कुठं आहे ते शिकवलं. शेवटी प्रमाणपत्र दिलं. आजपर्यंत कामाच्या वेळी प्रमाणपत्र कोणीच मागितलं नाही, सगळ्यांनी कामाची लिंक मागितली. बटनं शिकायला दा विंची रिझॉल्व्ह हे एडिटिंग सॉफ्टवेअर फुकट आहे, त्याची शिकवणीची पुस्तकंही बनवणारी कंपनी आपल्या संकेतस्थळावर फुकट देते. फक्त विंडोजऐवजी लिनक्स असलेल्या मशीनवर टाकू नको, तिथं फुकट आवृत्तीत मोबाईलची एच.२६४ प्रकारची फाइल उघडत नाही.

लॉ_कॉलेज_रोड · २३ सप्टेंबर
सगळेच क्लास एका मापात मोजू नका. मी पुण्याच्या एफटीआयआय या सरकारी सिनेमा-शिक्षण संस्थेत एडिटिंग शिकलो, मूळ गाव नगर जिल्ह्यात. ही संस्था १९६० साली प्रभात फिल्म कंपनीच्या जुन्या स्टुडिओच्या जागेवर उभी राहिली. एडिटिंगचा अभ्यासक्रम ३ वर्षांचा, कोणत्याही शाखेचा पदवीधर प्रवेश परीक्षा देऊ शकतो, म्हणजे पऱ्हाटीवाला, तुझी बीए तिथे चालते. जागा मोजक्या आहेत, हे खरं. कोलकात्याला सत्यजित राय यांच्या नावाची अशीच सरकारी संस्था १९९५ पासून आहे. रेणू सलुजा यांच्यासारखी संकलक एफटीआयआयमधूनच घडली. तिथे मी सर्वात जास्त काय शिकलो असेन तर पाहायला. रोज संध्याकाळी जगभरचा एक सिनेमा, आणि दुसऱ्या दिवशी त्यातल्या एकाच सीनवर दोन तास वाद. तो वाद मला अजून पुरतो आहे.

झाडीतला · २३ सप्टेंबर
प्रवेश परीक्षा मराठीत असते का दादा? आमच्या पोरांचं घोडं तिथंच अडते.

लॉ_कॉलेज_रोड · २३ सप्टेंबर
माझ्या वेळी इंग्रजी-हिंदीवर भागवलं. माझं इंग्रजी बेताचंच होतं. पण मुलाखतीत मी आमच्या गावच्या यात्रेतल्या तमाशाबद्दल अर्धा तास बोललो आणि समोरचे ऐकत राहिले. तुम्ही दंडार हे तुमचं लोकनाट्य आणि मंडई यांबद्दल बोलाल तर ते ऐकतील, हे मी मनापासून सांगतो.

नवा_वारा · २५ सप्टेंबर
पण दोन-तीन वर्षांत एआय सगळं कापून देणार आहे. मग पोरानं कर्ज कशाला काढायचं?

मेहकरची_लेक · २५ सप्टेंबर
मी वापरते ते. बोललेलं लिहून काढायला, "अं-अं" काढायला बरं आहे, तासाभराचं काम वाचतं. पण आपल्या बोलीत आलं की घोळ. एका शेतकरीदादांच्या मुलाखतीत "निंदन", म्हणजे तण काढणं, होतं, त्यानं "निंदा" लिहिलं, आणि पुढचं पूर्ण वाक्य कोणाची तरी निंदा चालली आहे असं जोडून दिलं. कातरकामदादांची "पाहू"वाली गोष्ट वर आहे ना, तो थांबा मशीननं सर्वात आधी काढला असता. जे काम फक्त रिकामी जागा कापायचं आहे ते जाईल. कोणती जागा रिकामी नाही हे ज्याला कळतं त्याचं राहील, म्हणून पऱ्हाटीवाल्यानं तेच शिकावं असं मला वाटतं.

बँकेतला_भाऊ · २७ सप्टेंबर
कर्जाचं विचारलं होतं, कोणीच उत्तर दिलं नाही. मुद्रा योजनेत शिशु गटात ५० हजारांपर्यंत आणि किशोरमध्ये त्यापुढे ५ लाखांपर्यंत मिळतं, तारण लागत नाही. लॅपटॉपचं कोटेशन आणि कामाचा थोडाफार पुरावा ठेव. पण हप्ता लग्नसराईत जसा येतो तसाच आषाढ-श्रावणातही येतो. बारमाही एक तरी काम हातात आल्याशिवाय घेऊ नको. अन् कंपनीकडून पैसे येतात तेव्हा टीडीएस म्हणजे आधीच कापलेला आयकर कापतात, आपला कर बसत नसेल तर रिटर्न भरून ते परत मिळतात. आपली पोरं ते सोडून देतात, जीव तुटतो पाहून.

काकाजी · २७ सप्टेंबर
सगळं बरोबर आहे पण एक बोलतो, वडीलकीनं. आमच्या पुतण्याची सोयरीक दोनदा मोडली, "पोरगा लॅपटॉपवर काय करते" हे समोरच्याला समजलं नाही. मग त्यानं मुलीकडच्यांना बसवून आपलं काम मोठ्या टीव्हीवर दाखवलं. तिसऱ्यांदा जमलं. घरच्यांना काम दाखवत जा पोराहो. बाबाला पहिले दाखव.

कातरकाम · २८ सप्टेंबर
काकाजींनी सांगितलं ते कर. आणि मी माझं म्हणणं थोडं बदलतो. मुंबईला लगेच येऊ नको. दोन महिने घे, पाच मिनिटांची एक फिल्म कर. गाणं नाही, निवेदन नाही, टायटलची फुलं नाही. फक्त एक काम होताना दिसलं पाहिजे, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. फुटेज दोन तासांपेक्षा जास्त काढू नको. कापायच्या आधी पूर्ण फुटेज एकदा न थांबवता पाहा आणि जिथं तुझा जीव अडकला तिथं वेळ लिहून ठेव. मग इथं टाक.

पऱ्हाटीवाला · २३ नोव्हेंबर
मंडळी, उशिरा आलो, माफ करा. सोयाबीन निघालं, मग स्टुडिओत तुळशीच्या लग्नानंतरची गर्दी.

एसएसडी अन् रॅम टाकली, साडेनऊ हजार लागले. कर्ज नाही काढलं, क्लास नाही लावला. मेहकरच्या ताईंनी एका शेतीच्या चॅनलशी गाठ घालून दिली, महिन्याला आठ व्हिडिओ, अर्धे पैसे आधी. एफटीआयआयचा फॉर्म येईल तेव्हा भरणार आहे. नाही झालं तर पुढच्या उन्हाळ्यात कातरकामदादांकडे तीन महिने येईन, त्यांनी फोनवर हो म्हटलं आहे. सोयाबीन पेरायच्या आत परत.

फिल्म केली. आमच्या वावरातली कापसाची पहिली वेचणी. आई सीतादही करते, पऱ्हाटीवर दहीभात शिंपडते, मग बाया ओळीनं लागतात, शेवटी बाबा गाठोडं बांधतात. ५ मिनिटं १० सेकंद. परवा रात्री बाबांना टीव्हीवर दाखवली. ते काही बोलले नाही, पुन्हा लाव म्हणे. लिंक सगळ्यांना निरोपात पाठवली आहे.

झाडीतला · २३ नोव्हेंबर
दोनदा पाहिली. बायांच्या बोटांचा शॉट किती जवळून घेतला भावा! माझा सीझन सुरू झाला, पण तू म्हणशील त्या रात्री वडशाला ये, तिसऱ्या कॅमेऱ्यावर बस.

आवाजघर · २४ नोव्हेंबर
आवाज स्वच्छ आहे. बोंडातून कापूस ओढतानाचा तो बारीक आवाज ठेवलास, फार बरं वाटलं. २ मिनिटं ५ सेकंदांना मागे मोटारसायकल जाते, ती कटच्या ऐन जागेवर तुटते. तिचा आवाज पुढच्या शॉटखाली नेऊन हळूहळू विरू दे.

कातरकाम · २४ नोव्हेंबर
३ मिनिटं ४० ला आई कंबर सरळ करून आभाळाकडे पाहते आणि तू लगेच गाठोड्यावर गेलास. थोडं थांब तिथं. तिची नजर खाली येऊ दे.

पऱ्हाटीवाला · २५ नोव्हेंबर
थांबलो दादा. ३० फ्रेम वाढवल्या. नजर खाली येते अन् ती पदरानं घाम पुसते, ते मी कापून टाकलं होतं. नवीन फाइल चढवून राहिलो, पहाटेपर्यंत होईल.